उमेदवार ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू हॅम्पशायर हे राज्य लोकसंख्येच्या मानाने फारच लहान आहे. 2020 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 13 लाख 77 हजार भरली. धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या त्याआधी नऊ वर्षे, म्हणजे 2011 च्या जनगणनेतच, 16 लाख 57 हजार होती. मराठवाड्यातील या मागास गणल्या जाणाऱ्या जिल्ह्याहूनही ते अख्खे राज्य लहान ठरते. तरीही जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे अध्यक्षपद मिळवू पाहणारी माणसे दर चार वर्षांनी त्या राज्यातील लहानमोठ्या गावांत महिनोन् महिने फिरतात. खाणावळीत बसलेल्या गिऱ्हाइकांशी बोलतात, एखाद्याच्या घरच्या बैठकीत जमलेल्या वीसपंचवीस माणसांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि शाळेच्या सभागृहात भरलेल्या सभेत शेतकऱ्याची, शिक्षकाची व कारखान्यातील कामगाराची उलटतपासणी सहन करतात. निवडणूक तर पुढेच असते. त्या निवडणुकीत पक्षाच्या वतीने कोणी उभे राहावयाचे, एवढ्याच प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी ही सारी पायपीट चाललेली असते.

धाराशिवच्या रहिवाशाला ही बातमी वर्तमानपत्रात वाचावयास मिळते तेव्हा तिच्यातील नावे त्याला परकी वाटतात आणि आकडे दूरचे वाटतात. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याच्या अंगणातलाच आहे. मतपेटीपर्यंत पोहोचण्याचा अधिकार त्याला 1952 पासून आहे. पण मतदानयंत्रावर कोणाची नावे येणार, हे ठरविण्यात त्याचा वाटा कितीसा आहे?

पाच आठवड्यांची ओळख

2024 च्या लोकसभा निवडणुकीचे उदाहरण ताजे आहे. शहराचे व जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले असले, तरी त्या निवडणुकीत मतदारसंघाचे नाव उस्मानाबाद असेच होते. हा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा हे चार विधानसभा मतदारसंघ धाराशिव जिल्ह्यातील, औसा लातूर जिल्ह्यातील, तर बार्शी सोलापूर जिल्ह्यातील. मतदारांची संख्या वीस लाखांच्या घरात. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाने विद्यमान खासदार ओमप्रकाश राजेनिंबाळकर यांचे नाव मार्चअखेरीस जाहीर केले. महायुतीत ही जागा तीन पक्षांपैकी कोणाच्या वाट्याला जाणार, हेच एप्रिल उजाडेपर्यंत ठरत नव्हते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेली. तुळजापूरचे भारतीय जनता पक्षाचे आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी त्या पक्षात प्रवेश केला आणि त्यांची उमेदवारी जाहीर झाली. मतदान 7 मे रोजी झाले. राजेनिंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी विजयी झाले.

या निकालाची कारणे काय, हा येथे विषय नाही. उमेदवार कोणत्या पक्षाचा होता वा कोणत्या घराण्यातला होता, हाही मुद्दा बाजूला ठेवता येईल. प्रश्न कालावधीचा आहे. जागा जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत जेमतेम पाच आठवडे उरले होते. एकट्या धाराशिव जिल्ह्यात सातशेहून अधिक गावे आहेत. प्रत्येक गावी एकदा जावयाचे म्हटले, तर उमेदवाराने रोज वीस गावे गाठली पाहिजेत, आणि त्यात औसा व बार्शीचा हिशोब धरलेलाच नाही. अशा धावपळीत मतदाराच्या वाट्याला येते ती चौकातून जाणाऱ्या वाहनावरून हललेल्या हाताची खूण. प्रश्न विचारण्यास उसंत कोणाला? न्यू हॅम्पशायरमध्ये 2024 ची प्राथमिक निवडणूक 23 जानेवारीला झाली. अध्यक्षपदाची प्रत्यक्ष निवडणूक 5 नोव्हेंबरला होती. तेथील मतदाराने आपला कौल दिला तेव्हा अंतिम निवडणुकीस नऊ महिन्यांहून अधिक अवधी होता आणि त्याआधी जवळजवळ वर्षभर इच्छुकांना तो जवळून न्याहाळत आला होता.

बंद दाराआडून उघड्या मैदानाकडे

अमेरिकेतही हे पूर्वीपासून असे नव्हते, याची आठवण ठेवणे इष्ट होय. एकोणिसाव्या शतकात तेथील उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात आणि त्याहीपेक्षा अधिवेशनाशेजारच्या खोल्यांत ठरत. त्याविरुद्धच्या चळवळीतून 1903 मध्ये विस्कॉन्सिन राज्याने उमेदवारनिवड थेट मतदारांकडे सोपविणारा कायदा केला. रॉबर्ट ला फॉलेट हे त्या राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर या चळवळीचे अग्रणी होते. अध्यक्षपदाच्या बाबतीत मात्र पक्षश्रेष्ठींचा वरचश्मा आणखी साठ-पासष्ट वर्षे टिकला. 1968 मध्ये व्हिएतनाम युद्धाने देश ढवळून निघाला असताना न्यू हॅम्पशायरमध्ये यूजीन मॅकार्थी यांनी खुद्द अध्यक्ष जॉन्सन यांना अनपेक्षित झुंज दिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जॉन्सन यांनी पुन्हा उभे न राहण्याचा निर्णय जाहीर केला. परंतु शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली ती एकही प्राथमिक निवडणूक न लढविलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना. सभागृहाबाहेर रस्त्यावर पोलीस व निदर्शक यांच्यात जे घडले, ते साऱ्या जगाने पाहिले.

त्या अनुभवातून पक्षाने नियम बदलण्यासाठी मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला आणि 1972 पासून प्राथमिक निवडणुकांना निर्णायक महत्त्व आले. त्या वर्षी नव्या नियमांनुसार उमेदवारी मिळविली ती स्वतः जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी, आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत त्यांचा पराभव झाला. कार्यकर्त्यांच्या हाती निवड दिली की पक्ष बुडतो, असा सूर लगेच उमटला. पुढे 1984 च्या निवडणुकीपासून पक्षाने ज्येष्ठ नेत्यांना व लोकप्रतिनिधींना अधिवेशनात पदसिद्ध मत देऊन लंबक थोडा मागे आणला. परंतु प्राथमिक निवडणूक रद्द करण्याचा विचार कोणी केला नाही. एका पराभवाने पद्धत मोडीत न काढता तिच्यात दुरुस्ती करण्याचा हा विवेक लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण असाच एक प्रयोग धाराशिवच्या शेजारी झाला, आणि त्याचे भाग्य निराळे ठरले.

लातूरचा विसरलेला प्रयोग

2014 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस पक्षाने राहुल गांधी यांच्या पुढाकाराने देशातील मोजक्या मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने ठरविण्याचे योजिले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा हे मतदारसंघ त्यात होते. लातूरची पार्श्वभूमी येथे सांगितली पाहिजे. अनुसूचित जातींसाठीचे आरक्षण 2004 पर्यंत उस्मानाबाद मतदारसंघात होते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 पासून उस्मानाबाद खुला झाला आणि लातूर राखीव झाला. त्या वर्षी काँग्रेसने लातुरात उमेदवारी दिली ती कोल्हापूर जिल्ह्यातील जयवंतराव आवळे यांना. ते निवडूनही आले. परंतु राखीव जागा आली की जिल्ह्यातील दलित कार्यकर्त्याला डावलून श्रेष्ठींच्या पसंतीचे नाव बाहेरून आणता येते, ही गोष्टही त्यातून स्पष्ट झाली. आरक्षणाने जागा त्या समाजाला मिळते, मात्र त्या समाजातला माणूस कोणी निवडावयाचा, हे आरक्षण सांगत नाही.

2014 मध्ये लातुरात मतदान झाले आणि दत्तात्रय बनसोडे हे नाव पुढे आले. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस यांच्यात लढत होऊन मेघे यांची निवड झाली. खासदार दत्ता मेघे यांचे ते पुत्र, तर टोकस या प्रभा राव यांच्या कन्या. घराण्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी काढलेल्या औषधाच्या बाटलीवर दोन्ही बाजूंनी घराण्याचेच नाव असावे, ही विसंगती तेव्हाही अनेकांच्या ध्यानी आली होती. मेच्या निकालात बनसोडे यांचा भारतीय जनता पक्षाचे सुनील गायकवाड यांनी आणि मेघे यांचा रामदास तडस यांनी पराभव केला. गुजरातेतील वडोदऱ्यात तर पक्षांतर्गत मतदानाने निवडल्या गेलेल्या नरेंद्र रावत यांनी, नरेंद्र मोदी तेथून उभे राहणार हे ठरल्यावर, माघार घेतली आणि मधुसूदन मिस्त्री यांना रिंगणात उतरविण्यात आले. 2019 मध्ये हा प्रयोग पुन्हा झाला नाही.

प्रयोग फसला म्हणून सोडून दिला, असे याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही या युक्तिवादातील त्रुटी दाखवून देईल. एखाद्या खताचा परिणाम पाहावयाचा तर खत घातलेल्या वाफ्याची तुलना खत न घातलेल्या वाफ्याशी करावी लागते. 2014 मध्ये महाराष्ट्रातील 48 जागांपैकी काँग्रेसला नांदेड आणि हिंगोली अशा दोनच जागा मिळाल्या. ज्या मतदारसंघांत उमेदवार दिल्लीहून ठरले, तेथेही पक्ष सपाटून हरला. शेजारच्या उस्मानाबादेत आघाडीतर्फे राष्ट्रवादीचे पद्मसिंह पाटील यांच्यासारखे मातब्बर उमेदवार होते. तेही शिवसेनेच्या रवींद्र गायकवाड यांच्याकडून पराभूत झाले. सारे शिवारच गारपिटीने झोडपले असता एका वाफ्यातील पीक गेले म्हणून खताला दोष देता येत नाही.

दोष द्यावयाचाच तर तो प्रयोगाच्या रचनेला देता येईल. मतदानाचा अधिकार होता तो पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि स्थानिक संस्थांतील आजी-माजी लोकप्रतिनिधींना. पक्षाला वर्षानुवर्षे मत देणारा निलंग्याचा वा अहमदपूरचा सामान्य शेतकरी त्यात कोठेच नव्हता. पदाधिकारी नेमले जातात ते वरून, आणि मग त्या नेमलेल्यांनी उमेदवार निवडावयाचा. विहिरीचेच पाणी पाइपाने फिरवून पुन्हा विहिरीत सोडावे, तसा हा प्रकार झाला. शिवाय निवडणूक तोंडावर आलेली असताना ही निवड उरकण्यात आली. न्यू हॅम्पशायरच्या पद्धतीचा गाभा असलेली दीर्घकाळची समोरासमोरची ओळख येथे होऊच शकली नाही.

तिकिटाचा खर्च कोणत्या खात्यात?

उमेदवारनिवडीच्या या प्रश्नाला एक शुद्ध आर्थिक बाजू आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत 95 लाख रुपये खर्चाची मर्यादा 2022 मध्ये ठरविण्यात आली. वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात हा हिशोब दर मतदारामागे पावणेपाच रुपयांचा होतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 77 व्या कलमानुसार उमेदवाराला हिशोब ठेवावा लागतो तो उमेदवारी दाखल केल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतच्या खर्चाचा. तत्पूर्वीच्या वर्षा-दोन वर्षांत इच्छुकाने भरविलेले मेळावे, लावलेले फलक, वाटलेल्या भेटवस्तू, मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. धाराशिवच्या कोणत्याही चौकात उभे राहिल्यास वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फलक दिसतात, ते वस्तुतः उमेदवारीच्या बाजारातील बोलीच असतात. ही बोली मतदारासाठी लावलेली नसते. वाहनातून जाणाऱ्या श्रेष्ठींच्या दृष्टीस ती पडावी, एवढाच तिचा हेतू असतो.

ज्या बाजारात खरेदीदार मूठभर आणि विक्रेते असंख्य असतात, तेथे किंमत खरेदीदार ठरवितो, हे सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलेल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये जाहीर झाला होता आणि बाजारातील भाव त्याच्या खाली रेंगाळत होता. उमेदवारीच्या बाजारात तर हमीभावही नाही. वीस वर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याच्या श्रमाचे मोल शेवटच्या रात्री होणाऱ्या एका निर्णयाने शून्यावर येते. अशा वेळी तो काय करतो? आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची फार मार्मिक उकल केली आहे. संस्थेवर नाराज असलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. आत राहून आवाज उठविणे ही एक आणि बाहेर पडणे ही दुसरी. आवाजाची वाट बुजवून टाकली की बाहेर पडण्याची वाट रुंदावते. मराठवाड्यातील पक्षांतरांच्या साथीचे निदान बहुधा नीतिमत्तेच्या ऱ्हासात केले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्या घराला आतून बोलण्याची सोय नाही, त्याचे दार सतत वाजत राहणार, हेही तितकेच खरे. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरावर निर्बंध घातले ते निवडून आलेल्यांवर. निवडून येऊ इच्छिणाऱ्याला असे बंधन नाही आणि त्याला आत थांबविण्यासारखे प्रलोभनही नाही.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. मतदाराच्या नापसंतीला त्यामुळे एक आकडा लाभला, ही गोष्ट खरी. पण तो ताटात वाढलेले नाकारण्याचा अधिकार आहे. स्वयंपाकघरात काय शिजावे, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

चिकोडीचा मुलगा, मिशिगनची निवडणूक

प्राथमिक निवडणुकीने सारे दोष दूर होतात, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. यासाठी दूरचे उदाहरण नको, एका मराठी माणसाचेच पुरे आहे. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी येथे जन्मलेले आणि मराठीत आत्मकथन लिहिणारे श्री ठाणेदार यांनी 2018 मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढविली. स्वतःच्या उद्योगातून मिळविलेल्या संपत्तीतील एक कोटीच्या घरातील डॉलर त्यांनी प्रचारावर खर्चले आणि ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढे 2022 मध्ये डेट्रॉइट परिसरातील एका मतदारसंघातून अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठीची प्राथमिक निवडणूक त्यांनी जिंकली. मैदानात उमेदवार अनेक होते आणि ठाणेदारांना मिळालेली मते शेकडा 28 च्या आसपास होती. त्या मतदारसंघात पक्षाचे बळ इतके की प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजेच प्रतिनिधिगृहात जाणे. नोव्हेंबरात ते निवडून आले.

या एका कथेत पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही सामावले आहेत. परदेशातून आलेला, कोणत्याही राजकीय घराण्याचा वा गटाचा नसलेला माणूस श्रेष्ठींची परवानगी न घेता मतदारांपुढे जाऊ शकतो, हा गुण लहान नाही. मराठवाड्यात असे दार ज्याला उघडे आहे, असा कार्यकर्ता शोधावाच लागेल. उलटपक्षी, त्या दारातून आत जाण्यास पैसा लागतो आणि उमेदवार अधिक झाले की चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक मतांवरही निकाल लागतो. शिवाय प्राथमिक निवडणुकीला येणारा मतदार थोडा आणि पक्षाभिमानाने पेटलेला असतो. त्यामुळे समंजस उमेदवार मागे पडून टोकाची भाषा बोलणारा पुढे जातो, अशी तक्रार तेथील अभ्यासक दीर्घकाळ करीत आले आहेत. न्यू हॅम्पशायर आणि आयोवा या बहुसंख्य गौरवर्णीय राज्यांनी सर्व देशाचा कल आधी ठरवावा, हेही अनेकांना मान्य नव्हते. म्हणूनच 2024 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान दक्षिण कॅरोलिनाला दिला. आणि त्याच वर्षी जुलैत बायडन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांना उमेदवारी मिळाली ती त्या वर्षीच्या प्राथमिक निवडणुकांत त्या नावाला कोणी मत दिलेले नसताना. पद्धती कितीही बांधीव असली तरी प्रसंगी तिलाही मुरड घालावी लागते.

तरीही एक लाभ निर्विवाद आहे. उमेदवाराला दारी यावे लागते, म्हणून दारचे प्रश्न राष्ट्रीय होतात. आयोवा हे मक्याचे राज्य. मक्यापासून होणाऱ्या इथेनॉलविषयी अध्यक्षपदाच्या प्रत्येक इच्छुकाला तेथे भूमिका घ्यावी लागली आणि अनेकांनी आपली आधीची मते गिळली. इथेनॉलचा प्रश्न धाराशिवच्या ऊस उत्पादकाचाही आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले तेव्हा त्याची झळ कारखान्यांना आणि पर्यायाने शेतकऱ्यांना लागली. त्यानंतर पाच महिन्यांत लोकसभेची निवडणूक झाली. कृष्णा खोऱ्यातील पाणी मराठवाड्याला मिळण्याचा प्रश्न, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग, आणि 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचा समावेश झाल्यानंतर प्रत्यक्षात काय बदलले, या प्रश्नांची उत्तरे इच्छुकांकडून गावागावांत मागता आली असती, तर पाच आठवड्यांचा प्रचार कोण गद्दार आणि कोण निष्ठावंत याच एका वादाभोवती फिरत राहिला नसता.

युती, जात आणि खर्च

या विचारावर तीन आक्षेप घेतले जातील आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला युतीचा. अमेरिकेत दोन पक्ष आहेत. महाराष्ट्रात जागा कोणत्या पक्षाची, हेच शेवटपर्यंत ठरत नाही, तेथे पक्षांतर्गत निवडणूक घ्यावयाची कशी? उत्तर असे की, जागावाटपाचा निर्णय लांबतो तो त्याला मुदत नसते म्हणून. मुदत घातली की वाटाघाटीही त्या मुदतीत बसतात. कोणत्या जिल्ह्यात ऊस केव्हा तोडावयाचा, याचे वेळापत्रक जर ठरू शकते, तर जागावाटपाचे का ठरू नये?

दुसरा आक्षेप जातीचा. सदस्यांच्या मतदानाने उमेदवार ठरविल्यास संख्येने मोठ्या जातीचाच माणूस येईल आणि अल्पसंख्य समाज व स्त्रिया कायम बाहेर राहतील, ही भीती निराधार नाही. 2004 मध्ये या मतदारसंघातून कल्पना नरहिरे निवडून आल्या त्या पक्षाने उमेदवारी दिली म्हणून, हेही मान्य केले पाहिजे. परंतु श्रेष्ठींची यादी जातीचा हिशोब मांडत नाही, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? तो हिशोब बंद खोलीत होतो, एवढाच फरक. किमान प्रतिनिधित्वाचे नियम पक्षाच्या घटनेत घालून मगच मतदान घेणे हा मार्ग उपलब्ध आहे.

तिसरा खर्चाचा. इंग्लंडमधील टॉटनेस येथे हुजूर पक्षाने 2009 मध्ये एक धाडसी प्रयोग केला. पक्षाचे सदस्य असोत वा नसोत, मतदारसंघातील सर्व मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठविल्या. सुमारे चौथा हिस्सा मतदारांनी त्या भरून पाठविल्या आणि सारा वुलस्टन या राजकारणाबाहेरच्या डॉक्टरबाई उमेदवार ठरून पुढे निवडून आल्या. खर्च 38 हजार पौंड आला आणि तो अतोनात वाटल्याने ही पद्धत रुळली नाही. वीस लाख मतदारांच्या मतदारसंघात असे मतदान घेणे कोणत्याही पक्षाला पेलणार नाही, हे उघड आहे.

म्हणून न्यू हॅम्पशायर उचलून मराठवाड्यात ठेवावे, असे कोणी सुचविणार नाही. त्यातील जे येथे रुजू शकेल, तेवढेच घ्यावयाचे. पक्षाने मतदानाच्या किमान सहा महिने आधी इच्छुकांची नावे जाहीर करावीत. त्या सर्वांनी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा अशा गावी, एका व्यासपीठावर येऊन नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. सदस्यांची नोंदवही तालुकानिहाय खुली असावी आणि किमान दोन वर्षे सदस्य असलेल्यांचे गुप्त मतदान व्हावे. अंतिम शब्द पक्षाच्या निवड मंडळाचा राहिला तरी हरकत नाही, परंतु सदस्यांचा कौल डावलल्यास त्याची कारणे लेखी व जाहीर दिली जावीत. आणि इच्छुक म्हणून नाव नोंदविल्याच्या दिवसापासूनच्या खर्चाचा हिशोब कायद्याने मागावा.

अखेरची सूचना सोडल्यास यांपैकी कशालाही संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्याने पक्षांची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असावी, असे बंधन घातले आहे आणि 1967 च्या पक्षविषयक कायद्याने त्याचा तपशील ठरविला आहे. भारतात विधी आयोगाने 1999 मधील आपल्या 170 व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करण्याची शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. ज्यांनी कायदा करावयाचा तेच त्या कायद्याने बांधले जाणार असतील, तर ती पडून राहावी यात नवल कसले?

पंचायतीत दिलेला विश्वास

महाराष्ट्रातील राज्यकर्त्यांना थेट कौलाचे तत्त्व नवे नाही. सरपंच थेट ग्रामस्थांनी निवडावा, असे 2017 मध्ये ठरले. 2020 मध्ये ते रद्द झाले आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाले. नगराध्यक्षांच्या थेट निवडीचीही तीच कथा. 2016 मध्ये ती आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. सरकार बदलले की जनतेवरील विश्वास कमीजास्त होतो, असा याचा अर्थ लावला तर कोणाला राग येऊ नये. परंतु ज्या मतदाराला गावचा सरपंच आणि शहराचा नगराध्यक्ष थेट निवडण्याइतकी समज आहे असे शासनच मान्य करते, त्याला आपल्या पक्षाचा विधानसभेचा वा लोकसभेचा उमेदवार कोण असावा हे कळत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील यांच्यासारखे नेते याच जिल्ह्याच्या मातीत घडले. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून, त्याचे प्रश्न ऐकून आणि त्याच्याशी वाद घालून त्यांचे नेतृत्व सिद्ध झाले. त्या पिढीला प्राथमिक निवडणूक हा शब्द ठाऊक नसेल, पण तिचे मर्म ठाऊक होते. उमेदवाराने मत मागण्यापूर्वी आपली पारख करू द्यावी, एवढेच ते मर्म आहे. लोकसभेची पुढील निवडणूक नियमानुसार 2029 मध्ये यावयाची आहे. या जिल्ह्यातील कोणत्याही एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, पक्ष कोणताही असो, तत्पूर्वी आपल्या तालुक्यात इच्छुकांची एक खुली सभा भरविण्याचा आग्रह धरला आणि त्या सभेत व्यासपीठावरील पहिली रांग इच्छुकांऐवजी प्रश्न विचारणाऱ्यांना दिली, तर लातुरात 2014 मध्ये अर्धवट राहिलेल्या कामाला धाराशिवात प्रारंभ झाला, असे म्हणता येईल.